हिवरटोल्याची पाच मतं

त्या पोटनिवडणुकीत केवळराम दिघोरेला मिळण्यासारखी एकच गोष्ट होती, ‘कायम’ हा शब्द. अकरा वर्षं तो आमच्या पंचायतीतल्या हिवरटोला वस्तीच्या नळयोजनेवर पंप चालवत होता आणि अकरा वर्षं त्याच्या नावापुढं ‘तात्पुरता’ लिहिलेलं होतं. आषाढात त्याला पंचेचाळीस पूर्ण होणार होती. त्यानंतर तू नियमात बसत नाहीस, असं पंचायतीच्या सचिवानं त्याला स्वच्छ सांगितलेलं. आमचे जिल्हा परिषद मेंबर नानाजी लंजे यांनी मात्र शब्द दिला होता, "टोला टांग्याले दे, ठराव मी देतो." टांगा ही आमच्या पक्षाची निशाणी. समोरच्यांची शिडी.

मतमोजणीच्या दिवशी सकाळी सहा वाजता तो माझ्याबरोबर जिल्ह्याच्या गावी आला, तो धुतलेला सदरा घालून. जसा काही ठराव त्याच दिवशी हातात पडणार होता.

"डोमाभाऊ, टोल्याचा आकडा निघाला का पयले मले सांगजा," तो म्हणाला.

"तुले कायले? तूच तर म्हनत होता, टोला मुठीत हाय."

तो हसला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी माझ्याच कौतुकात होतो. आमच्या पळसपार गावात पंचायतीच्या गाळ्यात माझं झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून देण्याचं दुकान. प्रत्येक घराचे कागद माझ्या काचेवरून गेलेले. कोणाच्या घरात किती मतं, त्यातली किती आपली, किती त्यांची आणि किती शेवटच्या दिवशी विकायला ठेवलेली, हे मी यादीवर खुणा करून सांगायचो आणि दहा-पाचच्या पलीकडे चुकायचो नाही. नानाजी मला ‘चालतं पंचांग’ म्हणत. टोल्याच्या बूथवर मी टांग्याला एकशे सत्तर लिहून दिले होते. खासदार वारल्यामुळं लागलेली निवडणूक, तीस वर्षांची आपली जागा. हरण्याचा विचार डोक्यात यायलाही जागा नव्हती.

मोजणीच्या हॉलमध्ये टेबल आणि आम्ही यांच्यामध्ये जाळी. पलीकडून अधिकारी मशीनचं सील दाखवायचा, बटण दाबायचा, आकडे वाचायचा. आम्ही उतरवून घ्यायचो. पहिल्या दोन फेऱ्यांत टांगा पुढं. तिसरीत बरोबरी. पाचव्या फेरीनंतर माझ्या शेजारचा आमचाच एक प्रतिनिधी लघवीला म्हणून गेला तो परत आलाच नाही. नंतर बाहेर दिसला, गळ्यात शिडीचा दुपट्टा.

नवव्या फेरीत एकशे त्रेचाळीस नंबरचं मशीन आलं. बूथ हिवरटोला. अधिकाऱ्यानं बटण दाबलं.

"टांगा पाच. शिडी एकशे शहाण्णव. इतर तीन."

"साहेब, पुन्हा दाबा जी," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा पाच.

बाहेर आलो तेव्हा दुपारचं ऊन नुसतं पेटलेलं. गुलाल मात्र थंडपणे उडत होता. आपल्या विजयासाठी नानाजींनी सांगून ठेवलेला बँड शिडीच्या ट्रकपुढं वाजत होता, तीच माणसं, तेच गाणं. पेढेवाला ओरडत होता, "घ्या जी, शिडीचे पेढे!" सकाळी त्याच परातीतले टांग्याचे होते. चहाच्या टपरीवर एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "मी तर म्हनलोच होतो." दुसरा म्हणाला, "कोनाले म्हनला होता? काल तर टांग्याच्या जीपमंदी बसून होता." म्हातारा म्हणाला, "आतून म्हनलो होतो."

नानाजींची जीप बाभळीखाली उभी होती. सकाळी तिच्याभोवती चाळीस माणसं होती. आता ड्रायव्हर, मी आणि सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसत उभा असलेला केवळराम.

"टोल्याचं सांग," नानाजी म्हणाले. चेहरा पांढरा पडलेला, पण आवाज तोच.

"पाच, नानाजी."

"पाच कमी पडले?"

"पाच पडले."

मग नानाजींनी मान वळवून केवळरामकडं पाहिलं. "काऊन बे? टोला मुठीत होता ना तुह्या? उघड मूठ. पाहू दे मले, काय हाय त्याच्यात."

केवळरामनं सदऱ्याच्या बाहीनं पुन्हा घाम पुसला. आषाढ त्याच्या डोळ्यांसमोरून निघून चालला होता, हे मला उभ्या उभ्या दिसलं. आणि तिथं मी माझी हुशारी काढली. दया होती म्हणा. पण नुसती दया असती तर मी गप्प राहिलो असतो. माझा एकशे सत्तरचा अंदाज पाचावर आला होता. मला कुठंतरी बरोबर ठरायचं होतं.

मी यादी उघडली. "नानाजी, सारा टोला फिरला, मान्य. पन पाच नाई फिरले. हे पाच सुटे नोहोत, एका घरचे हायेत. सुटी मतं फुटली असती तर सात झाली असती, बारा झाली असती. पाच मताची घरं टोल्यात दोनच. एक माह्या बहिनीच्या घरचं, मन्सारामचं. त्याचा भाऊ महिनाभर शिडीचा भोंगा घेऊन फिरला, तिथं मी पयलेच फुली मारली होती. दुसरं घर याचं. हा, याची बायको, म्हातारी, पोरगा अन् सून. मोजा."

नानाजींनी मोजलं. बोटांवर मोजलं. मग जीपमधून हात बाहेर काढून केवळरामच्या खांद्यावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्या दिवशी त्यांना कोणीतरी आपलं हवं होतं.

"एक तरी मानूस निघाला बाप्पा," ते म्हणाले. "सारे सोडून गेले, पन हा निघाला. केवळराम, येत्या बैठकीत तुहा ठराव."

केवळरामनं तोंड उघडलं. मी त्याचं मनगट धरलं आणि दाबलं. त्यानं तोंड मिटलं.

परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवर तो माझ्याजवळ सरकून बसला. मग म्हणाला, "डोमाभाऊ, ते पाच माहे नोहोत."

"गप ना."

"मतदानाच्या चार दिवस पयले टोल्याच्या पंचायनं सगळ्यायले तलावात उभं केलं. गुडघाभर पान्यात. तलावाचं पानी वंजळीत घेऊन सगळ्यायनं शपथ घेतली, शिडी म्हनून. नानाजीनं तलावाचा ठेका बाहेरच्या मच्छीवाल्याले दिला ना, त्याचा राग. मी बी घेतली. म्हातारीनं बी घेतली. घरच्या पाची जनायनं शिडीच दाबली."

टोल्यातल्या ढिवरांच्या साठ घरांना मासे देणारा तो तलाव. त्याचं पाणी हातात घेऊन खोटं बोललेला माणूस आमच्यात आजवर कोणी ऐकला नव्हता. मीही ढिवरच. धाकटी बहीण सायत्रा टोल्यातच दिलेली, मन्सारामला.

"मंग ते पाच कोनाचे?" मी विचारलं.

"मले काय माहीत? पन नानाजीले खरं सांगाव लागते."

"सांग. उद्याच सांग. मंग आषाढात घरी बस आरामानं."

तो गप्प झाला. स्टँडवर उतरताना त्यानं सदऱ्याची कॉलर सरळ केली. त्या गप्प बसण्यातला त्याचा वाटा मी त्याच्या नावावर लिहितो. पण तो वाटा लहान होता.

नानाजींनी ही गोष्ट आपल्याजवळ ठेवली असती तर सारं निभलं असतं. पण हरलेल्या माणसाला भाषण केल्याशिवाय झोप येत नाही. सोमवारच्या बाजारात त्यांनी जीपवर भोंगा बांधून आभारसभा घेतली. ऐकायला भाजीवाले, कारण त्यांना उठून जाता येत नव्हतं. त्यात टोल्याच्या बायाही टोपल्यांत झिंगे घेऊन बसलेल्या.

"गद्दारी झाली!" नानाजी गरजले. "पन हिवरटोल्यात एक घर इमानदार निघालं. केवळराम दिघोरे! पाची मतं टांग्याले! सोन्यासारखा मानूस!"

बायांनी टोपल्या उचलल्या आणि बाजार उठायच्या आधीच टोल्याकडं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्याच्या पंचांनी मलाही बोलावलं. वडाखालच्या ओट्यावर बुधाजी वलथरे, टोल्याचा मोठा पंच, मधोमध. खाली मातीत केवळराम बसलेला. बायका एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन उभ्या. त्यात सायत्रा.

"केवळराम म्हन्ते, त्यानं शिडीले टाकलं," बुधाजी म्हणाला. "नानाजी म्हन्ते, टांग्याले टाकलं. नानाजीले सांगनारा तू. बोल डोमा, ते पाच याचे का नाई?"

आता माझा हिशोब असा होता. ‘मी नुसता अंदाज बांधला’ असं म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत नानाजींना कळणार की केवळरामनं त्यांना फसवलं, ठराव गेला. मीही फसवलं, माझा गाळा गेला. तो गाळा पंचायतीचा आणि पंचायत नानाजींची. ‘हो’ म्हटलं, तर केवळराम टोल्यातून गेला. दोन्हीकडं तोच जात होता. फरक फक्त माझा होता.

"मी तिथं आकडे लिवले, बुधाजी," मी म्हटलं. "मशीन आकडे सांगते, नावं नाई सांगत."

"मंग नावं कोनं सांगतली?"

मी उत्तर दिलं नाही. केवळराम माझ्याकडं बघत होता. तेवढ्या वेळात तो ओरडून मला खोटं पाडू शकला असता. पण त्याच्याही डोक्यात अजून बैठकीचा ठराव होता. तो म्हणाला, "मी तलावाचं पानी हातात घेऊन पुन्हा सांगतो. चाला आत्ता."

"एकदा घेतलं तेच फेकलं तू," बुधाजी म्हणाला. "दुसऱ्यांदा तलावाले बाटवू नोको."

टोल्यानं त्याला बाहेर टाकलं. त्याची रीत अशी : त्याच्या घरचा विस्तव घ्यायचा नाही, त्याच्या मासेमारीच्या डोंग्यात बसायचं नाही, त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. आणि केवळराम तर पाण्यावरचाच माणूस.

दुसऱ्या दिवसापासून टोल्यात मी जे पाहिलं ते विसरत नाही. सकाळी सहाला केवळराम नेहमीसारखा पंप चालू करायचा. टाकी भरायची. नळांना धो धो पाणी यायचं. आणि एकही बाई पाणी भरायचा गुंड घेऊन नळावर येत नव्हती. साठ घरांच्या बाया भर मे महिन्यात एक कोस चालून तलावात उतरायच्या, वर शेवाळ तरंगणारं पाणी आणायच्या, आणि टोल्याच्या नळांचं गोड पाणी नालीतून वाहून जायचं. लेकरं सुद्धा त्याला शिवत नव्हती. केवळराम वेळ झाली की सुरू करी, वेळ झाली की बंद. बारा दिवस. एक दिवससुद्धा त्यानं पंप चुकवला नाही.

"तू कायले चालवतं गा?" मी विचारलं.

"नाई चालवला तर म्हनतील, काम करत नाई. मंग ठराव कसा होईल?"

तेराव्या दिवशी नानाजी शिडीत गेले.

आधी कोणाला काही बोलले नाहीत. सकाळी राजधानीतून फोन आला, दुपारी जीपवरचा टांगा खरडून काढला, संध्याकाळी शिडी रंगवली. सोबत पंचायतीचे नऊच्या नऊ मेंबर. बाजारात तोच भोंगा आणि तोच आवाज, "जनतेचा कौल मी डोक्यावर घेतो!" भाजीवाले तेच. एकानं विचारलं, "गद्दारी म्हनत होते ना जी परवा?" दुसरा म्हणाला, "ते टांग्यावरून म्हनले होते. शिडीवरून तसं दिसत नाई."

टोल्याचे पंच हार घेऊन आले. हिवरटोला आता नानाजींचा सगळ्यात लाडका बूथ होता, दोनशे चारात एकशे शहाण्णव. पंचायतीच्या कार्यालयात सगळे बसले. मीही होतो, ठराव माझ्या अक्षरात लिहून लागत म्हणून. दारात केवळराम.

"तलावाचं पाहू आपन," नानाजी म्हणाले. "आनखी काय पायजे टोल्याले?"

"नळावरचा मानूस बदला," बुधाजी म्हणाला. "त्याच्या हातचं पानी टोला पीत नाई. बाया तलावातून पानी आनून राहिल्या. दोन लेकरं हगवणीनं पडले."

नानाजींनी दाराकडं पाहिलं. केवळराम आत आला. हात जोडलेले.

"नानाजी, तुमीच बोलले होते जी. सोन्यासारखा मानूस. येत्या बैठकीत ठराव, म्हनले होते."

"हो, म्हनलो होतो."

"मंग?"

"तेच तर आहे ना केवळराम," नानाजी अगदी मायेनं म्हणाले. "तू टांग्याचा. मी आता शिडीचा. शिडीच्या टोल्यात मी टांग्याचा मानूस कसा बसवू? लोक काय म्हनतील मले?"

"मी टांग्याले नाई टाकलं जी!" केवळराम एकदम ओरडला. "शिडीलेच टाकलं! घरच्या पाची जनायनं! डोमाभाऊले इचारा!"

सगळे हसले. अगदी मोकळे हसले. बुधाजीसुद्धा. त्या महिन्यात गावात जो भेटेल तो हेच सांगत होता, मी आतून शिडीचाच होतो. त्या गर्दीत केवळराम एकटाच खरं बोलत होता, आणि तेवढंच सगळ्यांनी विनोद म्हणून घेतलं.

"लिव डोमा," नानाजी म्हणाले.

मी लिहिलं. ‘श्री. केवळराम दिघोरे यांच्याविरुद्ध ग्रामस्थांच्या तक्रारी आल्याने त्यांची तात्पुरती सेवा समाप्त करण्यात येत आहे.’ त्याखाली दुसरा ठराव, बुधाजीच्या पुतण्याला घेण्याचा. त्याचं वय चोवीस. तो नियमात बसत होता. कायम.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्यातल्या बाया गुंड घेऊन नळावर आल्या. पाणी तेच होतं.

आषाढ गेला. राखीला सायत्रा माझ्याकडं आली. तिनं राखी बांधली, ओवाळलं. पण तिच्या ताटात पुरणपोळी तशीच पडली.

"काय झालं, बाई?"

"भाऊ, ते पाच आमचे होते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी उठून घराचं दार लावून घेतलं.

"अखजीच्या सणाले तू आला होता ना," ती म्हणाली. "तू म्हनला, नानाजी हरला का माहा गाळा गेलाच समज. तू हसत म्हनला होता. पन मले रात्रभर झोप नाई. मी सगळ्यायच्या पाया पडली. सासूच्या, सासऱ्याच्या, मालकाच्या, दिराच्या. म्हनलं, माह्या भावाचं पोट हाय."

"दिवसभर शिडीचा भोंगा फिरवनारा तुहा दीर?"

"तो म्हनला, भोंगा भाड्याचा हाय वहिनी, मत माहं हाय. देतो तुले."

"अन् शपथ? तलावाचं पानी?"

"घेतलं होतं पानी. वंजळीतून गळू दिलं."

माझ्या यादीत त्या घरावर फुली होती. टोल्यातली साठ घरं मी ओळखत होतो. ज्या घरात माझ्यासाठी एक बाई चार जणांच्या पाया पडली, ते मला ओळखता आलं नाही.

"मी पंचायपुढं जाऊन सांगते, भाऊ," ती म्हणाली. "केवळरामच्या बायकोले पाहवत नाई. बिचारी मांडवातून येक-येक लाकूड काढून जाळून राहिली. कोनी विस्तव देत नाई, माचिस आनाले पळसपारले येते." मग म्हणाली, "पन दोन पोरी आहेत माह्या. टोल्यानं आमाले टाकलं तर कोन नेईल त्यायले?"

ती माझ्याकडं बघत राहिली. हो की नाही, तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. थोरला भाऊ होतो.

"नोको सांगू," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले. तिला बरं वाटलं, हे मला दिसलं. आणि तिला बरं वाटल्याबद्दल तिला माझा राग आला, हेही दिसलं.

दिवाळीच्या आत केवळरामची म्हातारी गेली. खांद्याला टोल्यातला एकही माणूस आला नाही. केवळराम, त्याचा पोरगा, सुनेचा बाप आणि मी. मी पळसपारचा, मला टोल्याची बंदी लागू नव्हती. वाटेत केवळराम मला म्हणाला, "डोमाभाऊ, तुमी तरी आले." मी खांदा बदलला.

त्या माघात उरलेले चौघं नागपूरला गेले. तिकडं एका बांधकामावर तो चौकीदार आहे असं कळलं. नंतर तेही कळेनासं झालं.

पुढची मतदार यादी दुरुस्तीला आली तेव्हा तहसीलच्या माणसासमोर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी बसले. दोन्ही पक्षांचे म्हणजे, तोपर्यंत सगळे शिडीचेच होते. नानाजी सभापती झाले होते. बुधाजीचा पुतण्या नळावर कायम होता. तलावाचा ठेका नव्या पक्षानं त्याच बाहेरच्या मच्छीवाल्याला पुन्हा दिला होता. टोला पुन्हा चिडलेला होता, पण आता शपथ कोणाविरुद्ध घ्यायची ते कोणाला कळत नव्हतं. माझा गाळा माझ्याकडंच होता. सायत्राच्या थोरल्या पोरीचं जमलं होतं.

तहसीलचा माणूस एकशे त्रेचाळीस नंबरच्या बूथची वगळण्याची नावं वाचू लागला. "दिघोरे मैनाबाई, मयत. दिघोरे केवळराम, स्थलांतरित. दिघोरे पार्बता, स्थलांतरित. दिघोरे रामदास, स्थलांतरित. दिघोरे रामदास यांची पत्नी सुनंदा, स्थलांतरित. एकूण पाच. कोणाची हरकत?"

त्यानं कागद माझ्याकडं सरकवला. ‘हरकत नाही’ असं लिहून मी सही केली.